झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी हृदयरुग्णालयात जाताना

लहानपणी घसा दुखून ताप येतो, मग सांधे सुजतात आणि काही दिवसांत सगळे आपोआप बरेही होते. पण त्या संधिज्वराने हृदयाची झडप (व्हॉल्व्ह) खराब केली आहे हे पुढे दहा-वीस वर्षांनी, जिना चढताना दम लागू लागल्यावर कळते. अशा रुग्णांत डाव्या बाजूची मायट्रल झडप सर्वाधिक बिघडते. झडप केवळ अरुंद झाली असेल, तर मांडीतील शिरेतून फुगा नेऊन ती रुंद करता येते का, हे आधी विचारावे. ते शक्य नसेल आणि झडप बदलण्याचेच ठरले, तर शस्त्रक्रियेची तारीख बहुधा काही दिवस किंवा आठवडे पुढची मिळते. या मधल्या काळात करायची कामे येथे सांगितली आहेत, कारण दाखल झाल्यावर शांतपणे विचार करायला वेळ मिळत नाही.

सर्वांत मोठा निर्णय कोणती झडप बसवायची हा असतो, आणि बहुतेक कुटुंबे नेमका तोच प्रश्न 'डॉक्टर सांगतील ते' म्हणून सोडून देतात. धातू व कार्बनची यांत्रिक झडप दीर्घकाळ टिकते. मात्र तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. प्राण्यांच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला सहसा ही गोळी कायमची लागत नाही. पण ती साधारण १० ते १५ वर्षांत निकामी होऊ शकते, तरुण वयात त्याहूनही लवकर, आणि मग पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येते. त्यामुळे डॉक्टर वय पाहतात, पण घरची परिस्थितीही त्यांना कळायला हवी. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीसाठी दर महिन्याला लागणाऱ्या रक्ततपासणीसाठी तालुक्याला जाणे जमेल का, रुग्णाचे काम इजा होण्यासारखे आहे का, आणि रुग्ण तरुण स्त्री असेल तर तिला पुढे मूल हवे आहे का, हे स्पष्टपणे सांगावे. यातील शेवटची गोष्ट संकोचापायी सासू-सासऱ्यांसमोर बोलली जात नाही. अशा वेळी डॉक्टरांकडे एकांतात बोलण्याची वेळ मागावी, कारण रक्त पातळ ठेवणारी वॉरफरीनसारखी गोळी गर्भाला अपायकारक ठरू शकते.

खर्चाचा विषय दाखल होण्यापूर्वीच मार्गी लावावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र रुग्णालय योजनेच्या यादीत असावे लागते आणि नियोजित शस्त्रक्रियेला आधी मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी शिधापत्रिका, आधार कार्ड आणि टू-डी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटावे. शिधापत्रिकेवरील आणि आधारवरील नावात फरक असेल, तर ती दुरुस्ती त्याच आठवड्यात करून घ्यावी. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तेथील वैद्यकीय समाजसेवकाला गाठावे. बिल हाती पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे कितीतरी सोपे आहे.

दातांची तपासणीही आधीच करावी, कारण किडलेल्या दातातील जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात. चालू गोळ्यांपैकी कोणती कधी थांबवायची हे लेखी घ्यावे आणि स्वतःच्या मनाने एकही बंद करू नये. रक्तदाते किती लागतील तेही विचारून ठेवावे.

शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात रुग्णाच्या घशात नळी असल्याने त्याला बोलता येत नाही. त्यामुळे पाणी, वेदना आणि हो-नाही यांच्या हाताच्या खुणा आदल्या दिवशीच ठरवाव्यात. पहिल्या काही दिवसांत रुग्ण, विशेषतः वयस्कर रुग्ण, असंबद्ध बोलू शकतो किंवा जवळच्यांना ओळखत नाही. हे पाहून नातेवाईक हादरतात, पण बहुधा ही अवस्था तात्पुरती असते. ती परिचारिकेच्या कानावर घालावी, आणि वाद न घालता रुग्णाला दिवस, वेळ व ठिकाण सांगत राहावे.

मोठ्या हृदयरुग्णालयांत संशोधनही चालते आणि एखादे दिवशी कोणीतरी संमतिपत्र घेऊन येते. यात बिचकण्यासारखे काही नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत विकसित झालेली भारतीय झडप १९९० मध्ये पहिल्यांदा एका रुग्णाला बसवली गेली, तेव्हा तीही चाचणीतीलच होती. तरीही सही करण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. उपचाराचे संमतिपत्र आणि संशोधनाचे संमतिपत्र वेगळे असते. दुसरे आपल्याला समजणाऱ्या भाषेत मागावे, घरी नेऊन वाचावे आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवावी. त्यावर नैतिकता समितीचा (संशोधन तपासून त्याला परवानगी देणाऱ्या समितीचा) संपर्क आहे ना, आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार हे लिहिले आहे ना, ते तपासावे. औषध किंवा वैद्यकीय साधनाच्या चाचणीत ही जबाबदारी नियमांनीच घातलेली आहे. नकार देता येतो, मधूनच बाहेरही पडता येते, आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारात कपात करता येत नाही. 'आत्ताच सही करा' असे कोणी म्हटले, तर माझ्या मते तेवढ्या कारणानेही थांबावे.

घरी सोडताना झडपेचे कार्ड मागून घ्यावे. त्यावर तिचा प्रकार, आकार आणि क्रमांक असतो, आणि पुढे कोणत्याही डॉक्टरांना ते दाखवावे लागते. यांत्रिक झडपेची टिकटिक रात्रीच्या शांततेत ऐकू येते. ती स्वाभाविक आहे. उलट ती एकाएकी मंद झाली, धाप लागली किंवा तोंड वाकडे झाले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रॉमसारखी गोळी रोज एकाच वेळी घ्यावी आणि एखादी चुकलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. आयएनआर ही तपासणी रक्त किती पातळ आहे ते सांगते. मायट्रल जागी यांत्रिक झडप असल्यास तो आकडा साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात, पण आपल्यासाठीची मर्यादा डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्यावी. मेथी-पालक या गोळीचा परिणाम कमी करू शकतात, तरी ते सोडायचे कारण नाही. प्रमाण मात्र दर आठवड्याला सारखे असावे. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत, आणि संधिज्वरासाठी चालू असलेले पेनिसिलिनचे इंजेक्शन पुढे घ्यायचे की त्याऐवजी गोळ्या, हे विचारल्याशिवाय निघू नये. गावाजवळची कोणती प्रयोगशाळा आयएनआर करते आणि अहवाल आल्यावर गोळीचा डोस कोण बदलून देणार, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच वहीच्या पहिल्या पानावर असावीत.