मरीयेचं शुभवर्तमान वाचायचंय? आधी एक वही घ्या

मरीयेचं शुभवर्तमान म्हणजे बायबलमध्ये नसलेलं, येशूच्या शिष्या मरीयेच्या नावाचं एक जुनं ख्रिस्ती लेखन. त्यासाठी चाळीस पानी वही पुरते. पानांवर १ ते १९ आकडे घाला आणि १ ते ६ व ११ ते १४ ही पानं कोरी ठेवायची, असं ठरवूनच वाचायला बसा. मी ज्यांना ज्यांना हे शुभवर्तमान वाचायला बसवलं, त्या सगळ्यांकडून आधी हेच करून घेतलं. १९ पैकी १० पानं जगात कुणाकडेच नाहीत, हे नुसतं सांगून कळत नाही. हाताखालून एकामागून एक सहा कोरी पानं जातात, तेव्हा ते कळतं.

पोथीची ओळख थोडक्यात करून घ्या. ही पाचव्या शतकातली पपायरसची शिवलेली वही. भाषा कॉप्टिक, म्हणजे ग्रीक अक्षरांत थोडी भर घालून लिहिलेली इजिप्तची जुनी भाषा. १८९६ साली कार्ल राइनहार्ट यांनी ती कैरोत विकत घेतली आणि ती बर्लिनला गेली. कॉप्टिकचे अभ्यासक कार्ल श्मिट यांनी ती छपाईपर्यंत आणली, पण १९१२ साली लाइपझिगच्या छापखान्यात पाण्याचा नळ फुटला आणि छापलेलं सगळं वाया गेलं. मी बत्तीस वर्षं प्रूफं तपासली आहेत. भिजलेल्या फर्म्यांचा तो वास मला माहीत आहे, आणि श्मिट यांचं त्या दिवशी काय झालं असेल, हा विचार आजही मनातून जात नाही. पुढे महायुद्ध आलं. १९३८ मध्ये श्मिट गेले. दुसरे अभ्यासक वॉल्टर टिल यांच्या हातून पुस्तक निघालं ते थेट १९५५ साली. याच मजकुराचे ग्रीक भाषेतले दोन तुकडेही आहेत, दोन्ही तिसऱ्या शतकातले. एक १९३८ साली प्रसिद्ध झाला, दुसरा १९८३ साली. ते नंतर लागणार आहेत.

भाषांतर निवडताना एकच बघा: चौकटी कंस आणि तुटक टिंबं जशीच्या तशी ठेवली आहेत का. नसतील तर ते पुस्तक बाजूला ठेवा. कंसातला शब्द पपायरसवर नाही, तो संपादकाने अंदाजाने भरलेला आहे. वहीत उतरवताना कंसातलं पेन्सिलीने लिहा, बाकीचं शाईने. हा हट्ट मी का धरते, तेही सांगते. एका जुन्या बखरीच्या पुनर्मुद्रणात कसरीने खाल्लेला एक शब्द मी संदर्भावरून भरला आणि कंस दिला नाही. वाक्य छान लागत होतं. दोन वर्षांनी दुसरी प्रत सापडली, तिथे नेमका उलट अर्थाचा शब्द निघाला. माझा शब्द तोवर हजार प्रतींत गेला होता.

आता सातवं पान उघडा. ते वाक्याच्या मधूनच सुरू होतं: द्रव्य (म्हणजे जड पदार्थ) मग नष्ट होईल की नाही? प्रश्न कोणी विचारला, ते आधीच्या पानाबरोबर गेलं. उत्तर तारणारा, म्हणजे प्रभू येशू, देतो, की सगळं एकमेकांत आहे आणि शेवटी आपापल्या मुळाशी विरून जाईल. इथे आपल्याला लगेच ‘हे तर आपलंच’ म्हणावंसं वाटतं. ज्या ‘ग्नोसिस’ या ग्रीक शब्दावरून, गूढ ज्ञानाने मुक्ती मिळते असं मानणाऱ्या जुन्या ख्रिस्ती पंथांना नॉस्टिक म्हणतात, तो शब्द आणि आपला ‘ज्ञान’ एकाच मुळातून आलेत, हेही खरं. तरी थांबा. अद्वैताची चौकट यावर ठेवलीत, तर पुढे जिवाच्या वाटेत आडव्या येणाऱ्या सत्ता तुम्हाला दिसणारच नाहीत. आणि हे शुभवर्तमान नॉस्टिक म्हणावं की नाही, यावर अभ्यासकांतही एकमत नाही. तसंच मरीयेच्या नावापुढे ‘मग्दालीया’ लिहू नका. बहुतेक अभ्यासक ही बायबलमधली मग्दालीया मरीयाच मानतात, पण उरलेल्या पानांवर नुसतं ‘मरीया’ आहे.

दहावं पान मोठ्याने वाचा. मरीया प्रभूला विचारते, दर्शन दिसतं ते जिवाला की आत्म्याला? प्रभू सांगतो, दोघांनाही नाही, दोघांच्या मध्ये जे मन आहे ते दर्शन पाहतं आणि ते…

इथे पान संपतं. पुढची चार पानं गेली.

माझ्या आजीच्या पोथीतही मधली पानं नव्हती. ती तिथे आली की वाचन थांबवायची, ‘इथं पान नाही’ असं स्पष्ट म्हणायची, हात जोडायची आणि मगच पुढचं पान घ्यायची. गोष्ट तिला पाठ होती, तरी तोंडून भरायची नाही. तुम्हीही चार कोरी पानं एकेक करून उलटा.

पंधराव्या पानावर, मरीया सांगत असलेल्या दर्शनात, जीव वर निघालेला आहे आणि वासना त्याला अडवते आहे: तुला उतरताना मी पाहिलं नाही, मग तू माझा असून खोटं का बोलतोस? जीव म्हणतो, मी तुला पाहिलं, तू मला ओळखलं नाहीस. मी तुझं वस्त्र झालो होतो. ही ओळ शाईने, मोठ्या अक्षरात लिहा. पुढे अज्ञान भेटतं, आणि सात रूपांची शेवटची सत्ता.

मग शिष्यांचं भांडण. मरीयेच्या सांगण्यावर अंद्रियाचा विश्वास बसत नाही. पेत्र म्हणतो, आमच्यापासून लपवून प्रभू एका बाईशी बोलला? मरीया रडते: पेत्रा, भावा, हे मी मनाने रचलं असं वाटतं तुला? तिची बाजू लेवी हा शिष्य घेतो. हा भाग दोघा-तिघांत वाटून वाचा, पेत्राचं बोलणं सौम्य करू नका.

शेवटी समोरासमोर दोन रकाने आखा. कॉप्टिक पोथीत ‘ते’, म्हणजे शिष्य, प्रचाराला निघतात. १९३८ साली छापलेल्या ग्रीक तुकड्यात मात्र एकटा लेवी निघतो. म्हणजे पेत्राला पटलं की नाही, हे कुठली प्रत हातात आहे त्यावर ठरतं. दोन्ही लिहा, दोन्ही शाईने.

वहीच्या मुखपृष्ठावर नाव घालू नका. पोथीत ते एकोणिसाव्या पानावर, मजकूर संपल्यावर येतं. तिथेच लिहा: मरीयेचं शुभवर्तमान.