पेशंट कोमात असला की 'कधी उठेल' सोडून काय विचारायचं

मागच्या उन्हाळ्यात माझ्या साळ्याची गाडी रिंग रोडवर घसरली, हेल्मेट डिक्कीत होतं बाप्पा, अन मग दीड महिना नागपूरच्या धंतोलीत आयसीयूबाहेर बसलो. डॉक्टर दिसले की आमचं एकच, कधी उठेल? त्यांचंही एकच, सांगता येत नाही.

त्यापेक्षा जीसीएस स्कोर विचारा, म्हणजे डोळे उघडणं, बोलणं अन हालचाल पाहून शुद्ध किती आहे त्याचे मार्क. तो 3 ते 15 असतो, 8 किंवा त्याहून कमी म्हणजे सीरियस, पण त्यातले हातापायाच्या हालचालीचे 6 पैकी किती ते वेगळं विचारा अन झोपेचं औषध चालू असताना काढला का तेही, कारण त्या औषधात कोणीही निपचित पडेल. डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला आकसतात का, वय किती, हे पाहतात. डोक्याला मार लागून झालेला कोमा हा हृदय बंद पडून ऑक्सिजन तुटल्यामुळे झालेल्या कोमापेक्षा जास्त आशेचा.

खरा कोमा सहसा दोन-चार आठवड्यांच्या वर जात नाही, मग एकतर माणूस शुद्धीवर येऊ लागतो नाहीतर नुसते डोळे उघडतात. साळ्याने डोळे उघडले त्याच दिवशी आमच्या सासूबाईंनी टेकडीच्या गणपतीला जाऊन पेढे वाटले. पण डोळे उघडे असून समज नसू शकते.

मग समज आहे का ते पाहायला घरच्यांनी काय करायचं, तर छोटा आरसा घ्यायचा. बायकोच्या पर्समधला पावडरचा आरसा मी त्याच्या तोंडासमोर धरून हळूहळू डावीकडे नेला, बोटामागे न फिरणारी नजर स्वतःच्या चेहऱ्यामागे गेली. 'हात दाब' म्हणू नका, मूठ आपोआपही वळते, 'जीभ काढ' म्हणा, अन थांबा, अर्धा मिनिट तरी. दिवसातून तीन-चारदा बघा, कारण सकाळी जमलेलं संध्याकाळी जमत नाही, अन वहीत वेळ टाका.

व्हॉट्सअॅपवर 19 वर्षांनी कोमातून उठला असं फिरते तो अमेरिकेतला टेरी वॉलिस, 2003 मध्ये बोलला खरं, पण तो थोडीफार समज असलेल्या अवस्थेत होता, पूर्ण कोमात नव्हता. मार लागलेला पेशंट डोळे उघडे पण समज नाही असा वर्षभर राहिला की पूर्वी 'आता कायमचं' म्हणायचे, 2018 च्या अमेरिकन गाइडलाइनने तो शब्द काढला, कारण काही जण नंतरही सुधारतात, जरी बहुतेकांना मदत लागतेच. शुद्ध लवकर यावी म्हणून देतात त्या अमँटाडिन नावाच्या गोळीबद्दल न्यूरोवाल्यांना विचारा, स्वतः आणून देऊ नका.

अन जे दिसेल त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, राउंडच्या वेळेला पेशंट नेमका झोपलेला असते.