वर्षाचे गहू भरायचेत? आधी गार करा

गेल्या एप्रिलमध्ये मी स्वतःवर भलतीच खूश होते. पुण्याच्या मार्केट यार्डातून, भुसार बाजारातून, लोकवन गव्हाची 50 किलोची तीन पोती आणली. कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा किलोमागे 6 रुपये स्वस्त, म्हणजे 900 रुपये वाचले. ऑगस्टमध्ये पहिली कोठी संपली, दुसरीचं झाकण काढलं आणि कुबट वासाचा भपकारा आला. वरच्या थराची ढेपळं झालेली, खाली सोंडे वळवळत होते. 50 किलो गहू गेले. 35 च्या भावाने 1,750 रुपये. वाचवले 900, घालवले 1,750.

झालं होतं असं की दोन पोती उन्हात घातली त्या दोन्ही दिवशी मुलगा क्लासवरून रात्री आला आणि मग ती खाली उतरवली, तोवर गहू गच्चीवरच गार झाले होते. तिसऱ्या दिवशी चारलाच आभाळ भरून आलं. वळीव येणार म्हणून मी धावतपळत गहू गोळा केले आणि तसेच गरमगरम कोठीत ओतून झाकण दाबलं. गरम धान्य बंद पत्र्यात कोंडलं की रात्री पत्रा गार होतो, आतली वाफ झाकणाला थेंब होऊन लागते आणि ते थेंब परत गव्हावरच पडतात. आमटीच्या पातेल्यावरचं झाकण उचलून बघा, तेच. बाकीच्या दोन कोठ्यांतले गहू शेवटच्या दाण्यापर्यंत खणखणीत होते. पोती एकाच गाडीतून आलेली, ऊन तेच, गच्ची तीच. फरक फक्त गार होण्याचा. म्हणून यंदाची यादी लिहून ठेवतेय.

आधी किती लागतं ते मोजा. अंदाज नको. एक महिना गिरणीत किती नेता ते कॅलेंडरवर लिहा. आम्हा चौघांना महिन्याला साधारण 12 किलो लागतात. जूनमध्ये शाळेच्या फिया येतात, त्याच्या तोंडावर सगळे पैसे धान्यात अडकवू नका. मी दिवाळीपासून महिन्याला थोडे बाजूला काढते. उधारीवर किंवा क्रेडिट कार्डावर धान्य भरणार असाल तर राहू द्या, महिन्याचं आणा.

काय भरायचं नाही हेही ठरवा. शेंगदाणे खवट होतात. रवा, पोहे, बेसन महिन्याचंच बरं. ज्वारी सहा महिन्यांच्या वर नको, आणि तिचं पीठ तर आठवड्याचंच दळा. विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेली की भाकरी थापताना चिरते, मग पिठाला शिव्या देऊन उपयोग नाही.

गहू घेताना नमुन्यावर जाऊ नका. पोत्याच्या तळातला मूठभर काढायला सांगा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. एक दाणा दाताखाली धरा: कट्ट वाजला तर वाळलेला, चेपला तर ओला. ओला गहू स्वस्त मिळाला म्हणजे तुम्ही पाण्याचे पैसे दिलेत. सिहोर गव्हाच्या पोळ्या मऊ होतात, खरं आहे, पण भाव बघा आणि ठरवा. आमचं लोकवनवर भागतं.

कोठी आठ दिवस आधी रिकामी करा. तळाशी उरलेले जुने दोन किलो नव्यात मिसळू नका, किडे तिथूनच येतात. धुतली असेल तर पुसून, उन्हात उघडी ठेवा. कोपऱ्यातल्या सांध्यात पाणी राहतं, तिथे बोट फिरवून बघा.

ऊन. दोन दिवस कडक, पातळ पसरून, मधून हात फिरवत. चाळणं, पाखडणं तुम्हाला येतंच. तांदळाला मात्र कडक ऊन दाखवू नका, दाणा तडकतो आणि शिजताना कणी होते. तो सावलीत, पंख्याखाली.

आणि आता गार करणं. ऊन उतरलं की गहू घरात आणा, जुन्या चादरीवर पसरा आणि रात्रभर राहू द्या. घरात चालायला जागा राहत नाही, सासूबाई कडेकडेने जातात, सगळं मान्य. तरी राहू द्या. सकाळी ढिगात कोपरापर्यंत हात घाला. वरून गार लागतो आणि पोटात ऊब असते, फसू नका. पाऊस आला तर? तर चादरीसकट खाली ओढा, हॉलमध्ये टाका, भिजले असतील तर परत ऊन द्या, पण कोठीत नाही. गिरणीतून गरम पीठ आलं की आपण डब्याचं झाकण उघडं ठेवतो, हे कुणी शिकवावं लागत नाही. मग गव्हाच्या वेळी माझी अक्कल कुठे गेली होती, देव जाणे.

भरताना थरांमध्ये सुकलेला कडुलिंबाचा पाला. सुकलेला म्हणजे चुरा होणारा. ओलसर पाला घालणं म्हणजे आपल्या हाताने पाणी घालणं. बोरिक पावडर लोक तांदळाला सर्रास चोळतात. ती खायची वस्तू नाही, मी घालत नाही. आणि एक गोष्ट ओरडून सांगते: धान्यात ठेवायच्या म्हणून सेल्फॉससारख्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणी दिल्या तर घरात आणू नका. दमट हवेने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. त्याने माणसं मेली आहेत, त्यावर उतारा नाही. गोदामांचं काम आहे ते, झोपायच्या खोलीतलं नाही. त्यापेक्षा चार किडे परवडले.

तूरडाळीला ऊन द्या, मग 10 किलोला दोन-तीन चमचे एरंडेल हाताने चोळा. डाळही गार करून भरायची. हो, डाळसुद्धा.

मिरची देठ काढूनच तोला. देठांचं वजन किती भरतं ते एकदा बघाच. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी, प्रमाण ज्याच्या त्याच्या घरचं. कांडपातून आलेला मसाला गरम असतो. गार करा. मग बरणीत दाबून, वर हिंगाचे खडे. हळद, चिंच, मीठ: नेहमीसारखं.

कोठी जमिनीवर नको, खाली फळी किंवा विटा. भिंतीला चिकटवू नका, पावसाळ्यात भिंती पाझरतात. झाकणावर तारीख. काढताना हात कोरडा, आणि आत ठेवायला वेगळं माप ठेवा, चहाचा ओला कप नको. पावसाळ्यात महिन्यातून एकदा सगळ्या कोठ्या उघडा, चालू असलेलीच नाही. मी बंद कोठीकडे चार महिने बघितलंच नव्हतं.

झालं बहुतेक. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडून आदल्या रात्रीच घ्या, ते सकाळी फिरायला जातात. आणि झाकण लावायच्या आधी परत एकदा हात घालून बघा. कोपरापर्यंत.