धूर निघणारा ग्लास लगेच तोंडाला लावू नका

अलिबाग-मांडवा पट्ट्यातल्या एखाद्या पॉश बारमध्ये करवंटीत, शिंपल्यात किंवा धुराच्या ढगातून कॉकटेल आलं, की फोटो जरूर काढा. पण थोडक्यात उरका. बर्फ वितळतो, फेस बसतो, आणि बारटेंडरनं जमवलेली चव पाणचट होते.

पांढरा धूर ग्लासाच्या काठावरून खाली ओघळत असेल तर तो बहुधा ड्राय आइसचा असतो, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. तो तुकडा पोटात गेला तर आतून भाजल्यासारखी इजा होते. म्हणून सरळ विचारा, "दादा, ड्राय आइस पेयातच आहे की खाली वेगळ्या भांड्यात?" पेयात असेल, तर धूर पूर्ण थांबेपर्यंत ग्लास टेबलावरच राहू द्या. यात भिडस्तपणा नको.

शाकाहारी असाल तर वरच्या मऊ फेसाचीही चौकशी करा. 'सावर' प्रकारात, म्हणजे लिंबाच्या आंबट कॉकटेलमध्ये, तो बरेचदा अंड्याच्या पांढऱ्याचा असतो.

काय मागवावं? मी म्हणेन, कोकम किंवा कैरीचं काहीतरी. इथल्या आंबटपणाला जिन छान लागते, आणि सोबत तळलेले बोंबील असतील तर विचारायलाच नको. गोड चवीमुळे दारू जाणवत नाही, म्हणून ग्लासात किती मिली आहे ते आधी विचारून घ्या. महाराष्ट्रात यासाठी वय २५ पूर्ण लागतं, ओळखपत्र जवळ असू द्या. परतीची रिक्षा मात्र आधीच ठरवा, रात्री उशिरा गावात ती मिळेलच असं नाही.