पेशंट गाडीत, पुढे घोडबंदरचा ट्रॅफिक: डोकं शांत ठेवून हॉस्पिटल कसं गाठावं

रात्री अकराला वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तर ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीहून माजिवड्यापर्यंत गाडी कोण चालवणार, हा प्रश्न त्या रात्री सोडवायला बसू नये. घाबरलेलं डोकं नवे निर्णय नीट घेत नाही, आधी ठरवलेलं मात्र बऱ्यापैकी पार पाडतं. अॅड्रेनलिन वाढलं की हात थरथरतात, नजर समोरच्या एकाच गोष्टीवर खिळते, आरशात बघायचं राहून जातं, कानावर पडलेलं डोक्यात शिरत नाही. हा स्वभावाचा दोष नाही, शरीर असंच चालतं. म्हणून ‘शांत राहा’ असं कुणी सांगून फारसा उपयोग होत नाही. निर्णयांची संख्या कमी केली की उपयोग होतो.

१. घर शांत असताना करायची तयारी

एका रविवारी अर्धा तास काढा. घरापासूनची दोन हॉस्पिटलं नक्की करा: एक जवळचं आणि एक सगळ्या सोयींचं. दोन्हीकडे फोन करून नेमके प्रश्न विचारा. रात्री अँजिओप्लास्टी होते का? सीटी स्कॅन चोवीस तास चालू असतं का? कॅज्युअल्टीचं, म्हणजे तातडीच्या विभागाचं दार कुठल्या बाजूला आहे आणि गाडी थेट दारापर्यंत जाते का? ठाण्यात बऱ्याच हॉस्पिटलांचं मुख्य दार एका रस्त्यावर आणि कॅज्युअल्टी भलत्याच गल्लीत असते. दिवसा एकदा जाऊन बघून या.

घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहून ठेवावी. मानपाडा, पातलीपाडा आणि वाघबीळला फ्लायओव्हर आहेत. तुमचं हॉस्पिटल खालच्या रस्त्यावर असेल तर फ्लायओव्हर लागण्याआधीच डावीकडे यायला हवं. एकदा वर चढलात की पुढे उतरून, यू-टर्न घेऊन परत येण्यात हातची मिनिटं जातात, आणि त्या चिडीत पुढची चूक होते. मेट्रोच्या कामामुळे वळणं आणि बॅरिकेड बदलत राहतात, त्यामुळे ही पाहणी दर दोन-तीन महिन्यांनी ताजी करा. पावसाळ्याचा पर्यायी रस्ता वेगळा ठरवा. वंदना टॉकीजच्या परिसरात पाणी भरतं हे ठाणेकरांना सांगायला नको.

फाइल एकच ठेवा: चालू औषधांची यादी डोससकट, कशाची अॅलर्जी, जुना ईसीजी, विम्याचं कार्ड, आधारची प्रत. त्याचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. गाडीत इंधन पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. उलटीसाठी दोन-चार जाड पिशव्या, एक टॉवेल, पाण्याची बाटली आणि टॉर्च डिकीत न टाकता सीटखाली ठेवा.

२. १०८ की आपली गाडी?

हा निर्णय एका मिनिटात व्हायला हवा. पेशंट बेशुद्ध आहे, श्वास नीट चालत नाही, फिट पाच मिनिटांत थांबलेली नाही, किंवा पडून मानेला-पाठीला मार लागलाय, तर १०८ लावा. ही सेवा मोफत आहे आणि अॅम्ब्युलन्समध्ये डॉक्टर असतो. छातीत दाब आणि घाम असेल तरी पहिला फोन १०८ लाच, कारण वाटेत हृदय बंद पडलं तर तुमच्या गाडीत त्यावर काही इलाज नाही. फोनवर विचारा, ‘गाडी आत्ता कुठे आहे, किती वेळ लागेल?’ उत्तर ऐकून ती येईपर्यंत थांबणं परवडेल की नाही ते त्यांच्याशीच बोलून ठरवा.

पत्ता सांगताना ‘घोडबंदर रोडला’ एवढं पुरत नाही. ठाण्याकडे जाणारी बाजू की बोरिवलीकडे जाणारी, मुख्य रस्ता की सर्व्हिस रोड, फ्लायओव्हरच्या वर की खाली, हे सगळं सांगा. नवी मुंबईत सेक्टरबरोबर नोडचं, म्हणजे उपनगराचं नावही सांगा. सेक्टर १५ वाशीतही आहे आणि बेलापूरमध्येही.

३. कामं वाटून द्या

चार माणसांनी एकच काम करणं आणि तीन कामं कुणीच न करणं, हा आपल्या घरांमधला नेहमीचा प्रकार. एकाने गाडी चालवायची. तो फोन उचलणार नाही, नातेवाइकांना कळवणार नाही, मागे वळून ‘बाबा, कसं वाटतंय?’ विचारणार नाही. दुसऱ्याने मागच्या सीटवर पेशंटजवळ बसायचं. फोन आणि रस्ता तिसऱ्याकडे. तिसरा नसेल तर मागचा माणूस फक्त हॉस्पिटलला एक फोन करेल. काका-मावशींना नंतर कळवता येतं.

ज्याला सर्वांत जास्त रडू फुटतंय त्याच्या हाती चावी देऊ नका, मग तो कितीही पट्टीचा ड्रायव्हर असो. शेजारच्या दादाला उठवा. संकोच वाटतो, पण अशा वेळी कुणी नाही म्हणत नाही. वॉचमनला इंटरकॉमवर तीन गोष्टी सांगा: लिफ्ट खाली धरून ठेव, गेट उघड, आडव्या लावलेल्या गाड्या ढकल. नौपाड्यातल्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींमधून पेशंटला खांद्याला धरून चालवत उतरवू नका. छातीत दुखणाऱ्या किंवा धाप लागलेल्या माणसाला जिना हा मोठा ताण आहे. पाठीची मजबूत लाकडी खुर्ची घ्या, पेशंटला छातीपाशी चादरीने सैलसर बांधा आणि दोघांनी पुढून-मागून उचला. प्लॅस्टिकची खुर्ची जिन्यात वाकते.

४. पेशंटला कसं बसवायचं

इथे सर्वाधिक चुका होतात, कारण आजारी माणूस दिसला की आपला हात त्याला आडवं करायला जातो. धाप लागलेल्या माणसाला आडवं केलं तर श्वास आणखी कोंडतो, त्याला ताठ बसू द्या. छातीत दुखत असेल तर पाठ टेकून अर्धवट बसवा, पट्टा लावा. गुंगीत असेल किंवा उलटी होत असेल तर कुशीवर घ्या, तोंड खाली झुकलेलं. दिवस भरत आलेल्या बाईला डाव्या कुशीवर. अपघातात मानेला मार लागल्याची शंका असेल तर आग किंवा वाहत्या गाड्यांचा धोका असल्याखेरीज हलवूच नका.

पक्षाघातात तोंड वाकडं होतं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतं. तिथे पाणी नको, गोळी नको, घास नको, कारण गिळताना श्वासनलिकेत जातं. घड्याळ बघून लिहून ठेवा: शेवटचं ठीक कधी पाहिलं होतं? गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास याच वेळेपासून मोजतात, तुम्हाला लक्षात आलं तेव्हापासून नव्हे.

फिट आली तर चप्पल, कांदा, लोखंड यांतलं काही नको. दातांत चमचाही नको. कुशीवर वळवा आणि किती मिनिटं चालली ते मोजा. मधुमेही माणूस घामाघूम होऊन बरळायला लागला, पण गिळता येतंय, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नका. छातीदुखीत अॅस्पिरिन किंवा जिभेखालची गोळी (सॉर्बिट्रेट) १०८ च्या डॉक्टरांना विचारूनच द्यावी. बीपी कमी असताना शेजाऱ्याकडून मागून आणलेली सॉर्बिट्रेट घातक ठरू शकते.

५. गाडी सुरू करण्याआधीचे वीस सेकंद

सीट, आरसा, पट्टा. मग दोन-तीन श्वास: नाकाने चार मोजेपर्यंत आत, तोंडाने सहा मोजेपर्यंत हळू बाहेर. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके जरा उतरतात, म्हणून बाहेर सोडणं जास्त लांबवायचं. दम रोखून धरू नका. वाटेत प्रत्येक लाल सिग्नलला हेच पुन्हा करा, आणि स्टिअरिंगवरची मूठ सैल करून खांदे खाली सोडा.

६. रस्त्यावर

हिशेब करून बघा. ८ किलोमीटर अंतर ताशी ४० ने १२ मिनिटांत कापलं जातं, ताशी ५० ने साडेनऊ मिनिटांत. वाचलेली अडीच मिनिटं बहुतेक वेळा पुढच्या सिग्नलवर खर्च होतात. उलट ताशी ६० ला गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. घाबरलेल्या ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडायला दीड सेकंद लागला, तर तेवढ्यात २५ मीटर गेले. मधे घोडबंदरचा खड्डा आला की मागच्या सीटवरच्या पेशंटला बसणारा हिसका वेगळाच. खरी मिनिटं लिफ्टपाशी, गेटपाशी आणि चुकलेल्या वळणावर जातात. ती वाचवायला वेग लागत नाही.

हॅझर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावून पळवणं हा एक लोकप्रिय गैरसमज. बहुतेक गाड्यांत हॅझर्ड चालू असताना डावा-उजवा इंडिकेटर कळत नाही, आणि मागच्याला वाटतं गाडी बंद पडली आहे. लाइट चालू ठेवा, हॉर्न गरजेपुरता थोडक्यात वाजवा, इंडिकेटर वेळेवर द्या. रात्री घोडबंदरवर कंटेनर आणि ट्रेलरची रांग असते. दोन ट्रेलरच्या मधे शिरू नका. ट्रेलरच्या ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला त्याच्या आरशात दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. नवी मुंबईतल्या पाम बीच रोडची अडचण उलटी आहे: रस्ता मोकळा, म्हणून काटा आपोआप चढतो. दर मिनिटाला त्यावर एक नजर टाका.

लाल सिग्नल तोडू नका. तुमच्या गाडीला सायरन नाही, हिरव्यावर येणाऱ्याला तुमच्या गाडीत कोण आहे ते ठाऊक नाही. तीन हात नाका किंवा नितीन कंपनीला खोळंबा असेल आणि चौकात ट्रॅफिक पोलीस उभा असेल तर शेजारी बसलेल्याने काच खाली करून ‘साहेब, हार्टचा पेशंट आहे’ एवढं सांगावं, पोलीस बरेचदा वाट करून देतात. अॅम्ब्युलन्सच्या मागे चिकटून जाण्याचा मोह टाळा. ती अचानक थांबते, आणि तिला वाट देणारे लगेच परत आत घुसतात, ते थेट तुमच्यावर.

कुणी कट मारला, आरसा लागला, रिक्षावाला भांडायला उतरला, तर काच खाली न करता हात जोडा आणि निघा. कुणाला इजा झाली असेल तर मात्र थांबावंच लागेल: ११२ लावा आणि पेशंटसाठी दुसरी गाडी मागवा.

७. वाटेतच बिघडलं तर

पेशंट हाकेला उत्तर देत नाही आणि श्वास थांबलाय किंवा मधूनच उचकीसारखा येतोय? धावत्या गाडीत छाती दाबता येत नाही, मऊ सीटवर तर नाहीच. डावीकडे घ्या, हॅझर्ड लावा (आता तो लावायचा), पेशंटला कडक जमिनीवर उताणं ठेवा, १०८ स्पीकरवर. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत हात थकतात, माणूस बदला. जवळ उभे राहणारे मदतीला येतात. पेशंट रस्ते अपघातातला असेल तर मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण आहे, हे त्यांना सांगायला हरकत नाही.

त्रास चालवणाऱ्यालाच सुरू झाला तर? छातीत दाब, जबड्यात कळ, एक बाजू बधिर, डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काहीही जाणवलं की ‘पुढच्या पुलापर्यंत जाऊ’ हा विचार सोडा. डावीकडे, हॅझर्ड, हँडब्रेक, इंजिन बंद, दारं अनलॉक, १०८. दारं आतून बंद राहिली तर मदतीला आलेल्याला काच फोडावी लागते. एकट्याने जोरजोरात खोकून हार्ट अटॅक टळतो, हा व्हॉट्सअॅपवर फिरणारा सल्ला खोटा आहे.

८. हॉस्पिटलच्या दारात

गाडी थेट कॅज्युअल्टीपाशी न्या, पार्किंग नंतर. गाडी थांबली की पेशंटला ओढून काढू नका, स्ट्रेचर किंवा व्हीलचेअर बाहेर मागवा. बोलणारा एकच असावा, आणि पहिल्या वाक्यात सगळं यावं: ‘वय ६४, पावणेअकरापासून छातीत दुखतंय, घाम आहे, डायबिटीस, पेनिसिलिनची अॅलर्जी.’ घडल्या प्रकाराची सुरुवात संध्याकाळच्या जेवणापासून केली तर डॉक्टरांना हवं ते पाचव्या मिनिटाला मिळतं. पैसे किंवा पोलिसांचे कागद आधी मागितले तर ठामपणे, आवाज न चढवता सांगा की आधी तातडीचे उपचार करा. सरकारी असो वा खासगी, डॉक्टरांना ते नाकारता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे.

पेशंट आत गेला की चालवणाऱ्याने गाडी लावावी, पाणी प्यावं, काहीतरी खावं. ताण उतरू लागला की हातपाय गळतात, झोप येते. कपडे आणि फाइल आणायला त्याने पहाटे लगेच स्टिअरिंगवर बसू नये, रिक्षा करावी किंवा दुसऱ्याला पाठवावं.