जांभा, अंडं आणि तिसऱ्या महिन्याची तपासणी

ईएनटीच्या पहिल्या वर्षाला थीसिसचा विषय ठरवायची वेळ आली, तेव्हा मॅस्टॉइड म्हणजे कानामागे बोटाला लागतं ते टणक हाड, यापलीकडे मला फारसं काही सुचत नव्हतं. सरांनी विषय दिला: पडद्याला भोक आहे, कान वाहतो, पण कोलेस्टिॲटोमा (कानात वाढून हाड खाणारी कातडीची गाठ) नाही, अशा पेशंटला नुसता पडदा बसवायचा की सोबत मॅस्टॉइडही उघडायचं? आमच्या किनाऱ्यावर ‘कान फुटलेला’ माणूस शोधावा लागत नाही. विहिरीत, खाडीत पोहणं आणि दुखलं की कानात कोमट खोबरेल! मला वाटलं, वर्षभरात काम उरकेल.

आधी हाडाबद्दल. डिसेक्शन लॅबमध्ये मिळालेलं पहिलंच हाड मी उजव्या कानाचं समजून पकडीत आवळलं. ते डावं होतं. मेंदूतलं रक्त खाली नेणारी मोठी शीर, सिग्मॉइड सायनस, हाडात मागे असते; वीस मिनिटं मी ती पुढच्या बाजूला शोधत बसलो. तेव्हा ड्रिल हातात घेण्याआधी बाजू ओळखा आणि पेन्सिलीने हाडावर खुणा करा. कानाची नळी पुढे, वर टेम्पोरल रेषा, नळीच्या मागे-वर मॅकइवेनचा त्रिकोण. मोठ्या माणसात त्याखाली साधारण दीड सेंटिमीटरवर अँट्रम, म्हणजे मॅस्टॉइडमधली मोठी हवेची पोकळी, सापडतो. खाली जाताना विहीर खणू नका, बशी करा. तोंड रुंद असलं तर खोलात काय आहे ते दिसतं. वर ड्युरा प्लेट (मेंदूच्या आवरणावरचं, म्हणजे ड्युरावरचं हाड), मागे सायनस प्लेट (त्या शिरेवरचं हाड) आणि पुढे नळीची भिंत, या तिन्ही पातळ करायच्या, पण फोडायच्या नाहीत.

वरचा कडक थर गेला की आत जे दिसतं ते कोकणातल्या माणसाला ओळखीचं असतं. थेट जांभा! चिरेखाणीतून नुकता निघालेला, भोकाभोकांचा चिरा. निरोगी मॅस्टॉइड असा हवेच्या पेशींनी भरलेला असतो. लहानपणापासून कान वाहणाऱ्याचं हाड मात्र बहुतेकदा काळ्या कातळासारखं भरीव निघतं. पू होत राहिल्याने पेशी वाढल्या नाहीत, की मुळात कमी होत्या म्हणून कान बिघडला, हा वाद जुना आहे. आधी कोंबडी की आधी अंडं, तसलाच. तुमचा विषय काहीही असो, प्रत्येक पेशंटच्या एक्स-रेवर किंवा सीटीवर पेशी किती आहेत ते पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. मी पहिल्या काही जणांचं लिहिलं नव्हतं. नंतर जुन्या फिल्म मागायला त्यांच्या घरी फोन करत बसलो.

अंड्यावरून आठवलं. कच्च्या अंड्याचं कवच डायमंड बरने, म्हणजे ड्रिलच्या हिऱ्याची पूड लावलेल्या टोकाने, घासून काढायचं, आतलं पातळ आवरण फाटू द्यायचं नाही. ड्युरा प्लेटचा सराव याहून स्वस्त कुठे होत नाही. माझ्या पहिल्या डझनाचं ऑम्लेट झालं. जिवंत माणसात पातळ झालेल्या हाडाखाली सायनस निळसर आणि ड्युरा गुलाबी दिसतो. वाळलेल्या हाडात रंग नसतो, म्हणून तिथे कान द्या. हाड पातळ झालं की बरचा आवाज बदलतो. पाणी सतत सोडत राहा, नाहीतर जळका वास येतो आणि रेसिडेंट रूमपर्यंत तोच सोबत करतो.

तिसऱ्या हाडात मी इन्कसचा (कानातल्या तीन छोट्या हाडांपैकी मधल्याचा) शॉर्ट प्रोसेस, म्हणजे आखूड टोक, नीट न बघता पुढे गेलो आणि चेहरा हलवणाऱ्या फेशियल नर्व्हची नळी उघडी केली. सिनियर मायक्रोस्कोपमधून बघत शांतपणे म्हणाली, “या माणसाचा डोळा आता मिटायचा नाही. नातेवाइकांना तू सांगणार की मी?” त्यानंतर शॉर्ट प्रोसेस आणि लॅटरल कॅनॉल (आतल्या कानाची तोल सांभाळणारी एक नळी) दिसल्याशिवाय मी खाली उतरलेलो नाही.

ऑपरेशन कोणाचं करायचं, हे कसं करायचं याहून महत्त्वाचं. डेन्मार्कच्या राजाचे वैद्य फॉन बेर्गर यांनी नुसत्या बहिरेपणासाठी मॅस्टॉइड उघडून घेतलं आणि 1791 मध्ये मेंदूच्या आवरणाला संसर्ग होऊन ते गेले. त्यानंतर कित्येक दशकं या शस्त्रक्रियेचं नाव घ्यायची चोरी झाली. 1873 मध्ये श्वार्त्सेने ती नीट नियमांत बसवून परत आणली. एथिक्स कमिटीपुढे ‘कोणाला घेणार नाही’ ही यादी म्हणूनच आधी वाचतात. त्यांची मंजुरी आणि सीटीआरआयची (देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीची) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी हवी. संमतीपत्रात ‘कर्णपटल पुनर्रचना’ लिहाल तर पेशंट तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. ‘कानाचा पडदा बसवणे’ लिहा.

आता खरं दुखणं. ग्राफ्ट, म्हणजे बसवलेला नवा पडदा, धरला की नाही ते मी तिसऱ्या महिन्यात बघणार होतो. पहिल्या दहा-बारा जणांतले निम्मे आलेच नाहीत. ट्रॉलरवरच्या एकाला फोन केला तर म्हणाला, “डॉक्टरानू, कान आता व्हावणा नाय, मगे येवचा कित्याक?” बरोबरच होतं त्याचं! पण बरे झालेले येत नाहीत आणि ज्यांचा कान वाहतोय तेच येतात, तेव्हा तुमचा निकाल आहे त्याहून वाईट दिसतो. रागावलेले दुसऱ्या डॉक्टरकडे गेले तर उलटं होतं. न आलेल्यांना गुपचूप वगळू नका. किती आणि का आले नाहीत, ते तक्त्यात दाखवा.

मग मी वेळापत्रक इथल्या पंचांगाला बांधलं. मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै. जूनच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन केलं की टाके आणि कानात भरलेला पॅक बंदीतच निघतात, आणि कान कोरडा ठेवायच्या दिवसांत माणूस समुद्रावर नसतो. तिसरा महिना गणपतीच्या आसपास येतो, तेव्हा दर्यावरचा माणूसही घरी सापडतो. आंबेवाल्यांना मार्च ते मे तारीखच द्यायची नाही. शेजारच्याचाही फोन नंबर घेऊन ठेवायचा.

तो ट्रॉलरवाला मात्र शेवटपर्यंत ओपीडीत आला नाही. एका रविवारी कानात बघायचा ऑटोस्कोप खिशात घालून मीच जेटीवर गेलो. बर्फाच्या क्रेटवर बसून त्याने कान पुढे केला. पडदा पांढरट, कोरडा, भोक बंद.

“आता पोवूक जाव?” त्याने विचारलं.

मी त्याला तसाच बसवून ठेवला आणि ऐकू किती येतं ते बघायला ट्यूनिंग फोर्क काढला.