ऑनलाइन पूरक वाचन-लेखनाचा तास: नव्याने घेणाऱ्यांसाठी

वर्गात मागे पडलेला धडा पुन्हा घ्यायचा असेल तर त्याला उजळणी म्हणावं. पूरक तासाचं काम वेगळं आहे. इथे मजकूर कमी लागतो आणि मुलांचे हात जास्त चालावे लागतात. नवखे शिक्षक नेमकं उलटं करतात: वीस स्लाइड बनवतात आणि ४० मिनिटं स्वतःच बोलतात.

९ ते १२ वयाच्या मुलांसाठी एका तासाला २५० ते ३०० शब्दांचा एकच उतारा पुरतो. गटात आठाच्या वर मुलं घेऊ नयेत, नाहीतर सगळ्यांच्या वह्या बघणं होत नाही. उतारा आधी एखाद्या मुलाकडून वाचून घ्या. शंभर शब्दांत पाचाहून जास्त ठिकाणी मूल अडखळलं, तर एकट्याने वाचायला तो उतारा जड आहे. मग तो तुम्हीच वाचून दाखवा.

सामूहिक वाचन ऑनलाइन जमत नाही. प्रत्येकाचा आवाज थोडा मागेपुढे पोचतो आणि नुसता गलका होतो. पाळीपाळीने परिच्छेद देण्यातही गोम आहे. मुलं आपला परिच्छेद मोजून ठेवतात आणि बाकीचं ऐकतच नाहीत. त्यापेक्षा तुम्ही मोठ्याने वाचा, मुलं माइक बंद ठेवून तुमच्यामागून वाचतील. मध्ये तीन ठिकाणी थांबा आणि पुढे काय होईल ते चॅटमध्ये लिहायला सांगा. मात्र ‘मी म्हणेपर्यंत पाठवायचं नाही’ ही अट घाला. ती नसेल तर पहिलं उत्तर दिसताच उरलेली सात त्याचीच नक्कल होतात. सगळ्यांनी एकदम पाठवलं की आठ वेगळी उत्तरं समोर येतात, आणि खरी चर्चा तिथून सुरू होते. ‘असं का वाटलं? कुठल्या ओळीवरून?’ एवढं विचारलं तरी मुलं उताऱ्यात परत शिरतात.

लेखन वहीवर, पेन्सिलने, सलग सात मिनिटं. माइक बंद आणि कॅमेरा चेहऱ्याऐवजी वहीवर. देवनागरी टाइप करताना बहुतेक मुलांचा विचार बोटांच्या मागे रखडतो आणि वाक्यं आखूड होतात. टाइप करायचंच असेल तर ते दुसऱ्या खर्ड्याला ठेवा.

विषय मोठा दिला की ठोकळेबाज निबंध येतो. ‘आजीच्या घरी गेलो. खूप मजा आली.’ यावर ‘सविस्तर लिही’ म्हणून काही होत नाही. ‘दार कोणी उघडलं? त्याआधी काय ऐकू आलं?’ असं विचारावं. मग ‘दार उघडायच्या आधीच आजीच्या चपलांची फटफट ऐकू आली’ असं वाक्य येऊ शकतं. तेवढं एकच वाक्य नव्याने लिहून घ्या, अख्खा मजकूर नको. मोठ्या मुलांना उलटा व्यायाम द्यावा: १०० शब्दांचं ५० मध्ये आणा, मग २५ मध्ये. विशेषणं आधी गळतात, क्रियापदं टिकतात, हे त्यांना सांगावं लागत नाही.

ब्रेकआउट रूम, म्हणजे मुलांना छोट्या गटांत बसवायच्या वेगळ्या ऑनलाइन खोल्या, वापरणार असाल तर सूचना आधी वहीत उतरवून घ्या, कारण मुख्य वर्गात दाखवलेला स्क्रीन तिथे सहसा आपोआप दिसत नाही. तिघांचा गट, आठ मिनिटं. त्यातलं एखादं मिनिट आत-बाहेर करण्यातच जातं.

वहीचा फोटो मागवताना उजेड खिडकीचा, फोन बरोबर वर धरलेला आणि एका फोटोत एकच पान. तपासताना एका वेळी एकच चूक धरा, तीही वारंवार होणारी. समजा ‘आणी’ चारदा आलं असेल, तर त्या दिवशी फक्त तेवढंच. लाल शाईने भरलेलं पान मुलं पुन्हा उघडत नाहीत. फोनवर लिहिलेल्या मजकुरात ही चूक कदाचित दिसणार नाही; सुचवलेल्या शब्दावर बोट ठेवलं की बहुतेक वेळा ‘आणि’ बरोबर उमटतं.